माझ्या नळीतून गोळी सुटत नाही

मी एक जुनी रायफल आहे, पण मित्रांनो, घाबरून मागे सरू नका. माझ्यातून गोळी सुटत नाही. तरुणपणी सुटत असे. पुढे माझी नळी झिजली, तेव्हा तिला भोक पाडलं, आतल्या पिनचं टोक घासून टाकलं, दस्त्यावर पांढरा पट्टा ओढला आणि मला धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजात कवायतीसाठी पाठवून दिलं. ट्रिगर दाबला की नुसतं 'टक्' होतं. तिथल्या शस्त्रांच्या खोलीत गोळी झाडणाऱ्या चार रायफलीही होत्या. त्यांना रोज तेल, मला सणासुदीला. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटायचा.

पण त्यांनाही बाहेरची हवा वर्षातून दोनदाच मिळे. गावाबाहेरची नेमबाजीची रेंज कॉलेजाला तेवढीच मिळायची, आणि प्रत्येक मुलामुलीला गोळ्या पाच. १९८७च्या पावसाळ्यानंतर एनसीसीतली मुमताज पहिल्यांदा रेंजवर गेली. माग दुरुस्त करणाऱ्या नूर महंमदची ही मुलगी. पहिल्याच आवाजाला तिनं डोळे मिटले आणि पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या. नेमबाजीच्या शिबिराला कॉलेजातून एकच मुलगी जाणार होती. त्यासाठी पाचही गोळ्या एकमेकींच्या जवळ पडायला हव्या होत्या. तिला आणखी एकदाच रेंज मिळणार होती, जानेवारीत.

शस्त्रांची खोली सांभाळणारे शिपाई कौतिक आबा तिला म्हणाले, "रडू नको पोरी. गोळी नही ते नही. डोया ते शे ना तुनाकडे?"

नजरेचा सराव गोळीवाचूनही होतो, म्हणून त्यांनी मला वाळूच्या दोन पिशव्यांवर निजवलं आणि समोरच्या भिंतीला कोरा कागद लावला. मुमताजनं मला हात न लावता नुसतं माझ्या मागच्या खाचेतून आणि नळीच्या टोकावरच्या माशीवरून, म्हणजे नेम धरायच्या बारक्या खुंटीवरून, पाहायचं. आबांनी कागदावर पत्र्याची चकती सरकवायची. चकती बरोबर नेमात आली की तिच्या भोकातून पेन्सिलचा ठिपका द्यायचा. असं तीन वेळा. तीन ठिपके जोडून होणारा त्रिकोण जितका लहान, तितकी नजर पक्की.

"आठे?" आबा विचारत.

"नाही आबा, जरा वर. अजून. बस."

मग ती मला उचलून घेई, श्वास रोखून ट्रिगर दाबी. टक्. पुन्हा टक्. इतक्या वर्षांनी कुणाचा तरी गाल माझ्या दस्त्याला रोज टेकत होता. मी सुखावले होते, हे कबूल करते.

त्रिकोण मात्र लहान होईना. महिना उलटला तरी तो रुपयाएवढाच. मुमताज हिरमुसली. "माझे डोळेच खराब आहेत, आबा. मी नाव काढून घेते," म्हणाली.

तिचे डोळे चांगले होते, मित्रांनो. मला ठाऊक होतं. पेन्सिल टेकवताना आबांचा हात थरथरायचा आणि चकती सरकायची. मी हे रोज पाहत होते आणि माझ्याच्यानं एक शब्द बोलवत नव्हता.

आबांनी चकती काढून खिशात घातली. मग म्हणाले, "तुनं काही चुकत नही, पोरी. मना हात हालस. कोणले सांगू नको."

दुसऱ्या दिवशी ते घरून कणकेचा गोळा घेऊन आले. चकतीच्या मागे कणीक लावली की चकती भिंतीला चिकटून राही. हात कितीही थरथरला तरी ती हलत नसे. त्रिकोण आक्रसत गेला. शेवटी तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, तेव्हा आबा एकटेच हसत बसले.

जानेवारीत मुमताजच्या पाचही गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या जातील अशा पडल्या. तिची निवड झाली. सत्काराच्या सभेत एनसीसीच्या सरांनी विचारलं, एवढा सराव केलास कुठे? आनंदाच्या भरात तिनं कौतिक आबांचं नाव घेतलं. त्यांची चकती सांगितली, कणीक सांगितली आणि कणीक का लागली तेही सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्यानं आबांची बदली पाणी भरायच्या कामावर झाली. शस्त्रांच्या खोलीत थरथरता हात नको, असं ठरलं.

शिबिराहून मुमताज धावत आली ती पेढे घेऊन. खिडकीत नवा शिपाई बसला होता. आबा कुठे, का, हे त्यानं सरळ सांगून टाकलं. ती माझ्याजवळ आली, पण तिनं मला उचललं नाही. पेढ्यांचा पुडा हातात घेऊन तशीच उभी राहिली. त्यानंतर त्या भिंतीला कुणी कागद लावला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू पुसून, तेल देऊन ठेवा, असं मी सांगायला हवं. ते तुम्ही कराल. पण कुणी तुमच्या भल्यासाठी आपलं उणं तुमच्या हवाली केलं, तर तेही सांभाळा. त्या माणसाची स्तुती करतानासुद्धा सांभाळा. मुमताजला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला बोलता येत नव्हतं.