राखेतली नाव

ज्या सकाळी चंद्रा गेल्याचे कळले, त्या सकाळी माझ्या पोटात काचेची एक नाव होती. नाव अजून गरम होती.

मित्रांनो, मी पत्र्याची जुनी पेटी आहे. भिवंडीत, कामतघरच्या चाळीत, केसरीनाथच्या खोलीत राहते. माझ्यात राख असते आणि राखेखाली निखारे असतात. तापवून घडवलेली काच एकदम गार झाली तर तडकते. म्हणून ती माझ्या ऊन राखेत पुरून ठेवतात. तिथे ती सावकाश गार होते. एवढेच माझे काम.

आधी मी शेजारच्या लूममध्ये, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, सुताच्या बॉबिनी सांभाळत होते. मालक लतीफशेठ मला भंगारात देणार होते. चंद्राने मला मागून घेतले.

तिचा नवरा केसरीनाथ मुंबईत काचेच्या नळ्या वाकवायचा. कारखाना बंद पडला तेव्हा त्याने बर्नर आणि पायाचा भाता घरी आणला. सुरुवातीला तो काचेचे मोर आणि हंस करी.

चंद्रा म्हणाली, "मोर सगलेच करतान. आपला गाव करा ना."

मग काचेतून कशेळीचा पूल झाला, खाडीकाठची तिवरे झाली, लूमची करवतीच्या दातांसारखी छपरे झाली. प्रत्येक देखाव्यात एक गोष्ट असे. कोण कुणाची वाट पाहते, कोण रुसून निघाले आहे, ते चंद्रा सांगायची आणि तो घडवायचा. राखेची ऊब मात्र तीच बघायची. हाताची मागची बाजू राखेवर धरायची आणि म्हणायची, "हां, ठेवा आता."

एकदा लतीफशेठ बघायला आले. "अरे केसरीभाई, ये तो अपनाच शेड है! पत्रा भी टूटा हुआ बनाया?"

"तुटका हाय तर तुटकाच होनार," चंद्रा म्हणाली. "तुमी पत्रा बदला शेठ, मंग आमी काच बदलू."

शेठ खूप हसले. त्यांनी ऑफिसातल्या शोकेसचा एक कप्पा रिकामा केला आणि मोठा देखावा करायला सांगितले. चंद्राने स्वतःचीच गोष्ट दिली. ती लग्न होऊन कशेळीहून नावेने आली होती. एका बाजूला तिवरे, मध्ये खाडी, दुसऱ्या बाजूला चाळ. केसरीनाथने काचेतल्या चाळीच्या दारात स्वतःला उभे केले.

"तुमी कवा उभं व्हतात? झोपला व्हतात!" ती म्हणाली. "र्‍हाऊ द्या. पण नाव चांगली करा. तिच्यान मी बसलेली हाय."

ते काम चालू असतानाच ती आजारी पडली. ठाण्याच्या दवाखान्यात तिने त्याला विचारले, "नाव झाली का? राखेतनं काढली की मना दाखवा." तो घरी आला, नाव केली, माझ्यात ठेवली. तेवढ्यात लतीफशेठच्या ऑफिसात फोन आला. शेठ स्वतः सांगायला आले. केसरीनाथ तसाच धावत गेला.

चाळीतल्या बायका जमल्या. शेजारच्या राहीबाईने रीतीप्रमाणे चूल विझवली. सुतकात घरात विस्तव ठेवत नाहीत. मग तिला माझ्यातले निखारे दिसले. तिने तांब्याभर पाणी माझ्यात ओतले. आत बारीक आवाज झाला. रडण्याच्या गलक्यात तो कुणाला ऐकू गेला नाही.

तेराव्यानंतर केसरीनाथने माझे झाकण उघडले. नावेचे तुकडे त्याने हातात घेतले, पुन्हा राखेत ठेवले आणि झाकण लावले.

राहीबाई दारातच उभी होती. "मीच इजवली रं. मना काय ठावं, आत ती हाय म्हनून."

"रीत हाय, आक्का," तो म्हणाला. "तुमी रीतच केली."

नंतर बरेच दिवस मी गार पडून होते. पुढे त्याने काम सुरू केले. एकदा तो सवयीने म्हणाला, "चंद्रा, राख बघ." मग स्वतःच राखेवर हात धरला. त्याला ऊब कळत नाही. पहिला पूल तडकला, दुसराही तडकला. आता राहीबाई रोज आपल्या चुलीतले निखारे आणून माझ्यात घालते. तिसरा पूल टिकला.

मित्रांनो, कुणाच्या घरी दुःख झाले तर जरूर जा. भाकरी न्या, पाणी भरा. पण त्या घरातले काही विझवण्याआधी, आत काय ठेवले आहे ते विचारा. आणि जे तापलेले आहे, त्याला गार व्हायची घाई करू नका.

लतीफशेठचा कप्पा अजून रिकामा आहे. ते म्हणतात, "केसरीभाई, जब होगा तब होगा." तिवरे झाली आहेत. खाडी झाली आहे. चाळीच्या दारात तो उभा आहे. जुने तुकडे माझ्याजवळच आहेत. राख रोज ऊन असते.

नाव अजून झालेली नाही.