चावलेल्या खुंट्या

सिराजुद्दीन जिवंत की मेला, हे आगरदांड्याच्या जमातीने शेवटी एका लाकडी विमानावरून ठरवायचं ठरवलं आणि ते विमान तपासायला मला बोलावलं. मी धर्मा, होड्या बांधणारा सुतार. जमातीचा मी कोणी लागत नाही. पण लढाईत बसऱ्याला सिराजच्या शेजारी बसून मी विमानांचे मोडके पंख जुळवले होते. गावात बाकीच्यांनी विमान पाहिलं असलंच तर खालून, मान वर करून. त्याच्या पोटात हात घातलेले आम्ही दोघंच.

सरकारने लाकडाचं काम येणारी माणसं उचलून नेली आणि तुटलेल्या विमानांसमोर बसवली. मेलेल्या गोऱ्यांची नावं दगडात कोरली. आमची पाटीवर खडूने लिहिली आणि ओल्या फडक्याने पुसली. लढाई संपल्यावर मी घरी आलो. सिराज मागून गलबताने निघाला. ते गलबत कुठल्याच बंदराला लागलं नाही.

हे वीस सालचं. एकतीस साल उजाडलं तरी त्याची बायको सुगरा ना नवऱ्याची, ना बेवा. दिघीच्या तरीवर होडी चालवणारा तांडेल बदरुद्दीन तिच्याशी निकाह लावायला तयार होता आणि तिचंही मन होतं. आडवा आला तो सिराजचा थोरला भाऊ मोहम्मद. "माझा भाव जिता हाय. जित्या माणसाची नमाज कोण पडतो?" असं तो मशिदीच्या पायरीवर छाती ठोकून म्हणायचा. भावाची माया वगैरे काही नव्हती. सुगरा गेली तर अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं मलमूत्र कोण काढणार, एवढाच सवाल होता. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

शेवटी काझीसाहेब सुगराच्या बाजूने वळले. येत्या जुम्म्याला सिराजची गायबाना नमाज पढायची, म्हणजे मय्यत समोर नसताना पढतात ती जनाज्याची नमाज. त्यानंतर सुगराने इद्दतीला, म्हणजे बेवेने चार महिने दहा दिवस घरात पाळायच्या सुतकाला, बसायचं आणि मग ती मोकळी. एवढं ठरलं आणि त्याच आठवड्यात कराचीच्या मालातून खोकं आलं. झाकणावर तापल्या सळईने सुगराचं नाव डागलेलं होतं. कोणी चढवलं ते मचव्यावरच्या एकालाही सांगता येईना.

मी गेलो तेव्हा सुगराच्या ओट्यावर पंच मंडळी तिच्याच हातचं सरबत पीत बसली होती. बाईच्या जन्माचा फैसला करायचा तर घसा ओला हवा. सुगरा उंबरठ्यात बसली होती.

"बघ रे धर्मा," मोहम्मद म्हणाला. "माझ्या भावाचा हात वळकतोस ना? वळकलास का बोल आणि घरला जा."

"घाई हाय तर तूच वळक," मी म्हटलं. "लहानपणी त्याच्याच पतंगी चोरायचास."

बदरुद्दीन हसला. काझीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला आणि खोकं माझ्यापुढे सरकवलं.

खोक्यात तयार विमान नव्हतं. सुटे भाग होते, कापसात गुंडाळलेले. पंख, शेपटी, चाकं, सुईएवढ्या खुंट्यांची पुडी. नकाशा नाही, आकडे नाहीत. जोडत गेल्याशिवाय पारख होणार नव्हती, म्हणून मी मांडी घालून जोडायला घेतलं.

विमान आमचंच होतं, दोन माणसांचं, लढाऊ. पुढे चालवणारा आणि मागे त्याच्या पाठीला पाठ लावून बंदूकवाला. बसऱ्याला आम्ही त्याला 'जोडपं' म्हणायचो, भांडून बसलेल्या नवराबायकोसारखं दिसतं म्हणून. पंखांच्या बरगड्या मासळीच्या काट्याएवढ्या, पण प्रत्येकीचा बाक बरोबर. कापड ताणून रोगण दिलेलं, त्याचा तो गोडसर वास अजून नाकात बसावा असा ताजा. नाक जरा बोजड झालं होतं आणि चाकांचा दांडा असायला हवा त्याहून पुढे होता. समोर विमान ठेवून करणाऱ्याची ही चूक नव्हे. आठवणीतून करणारा असा चुकतो. शिवाय बुडाला लाकडी कणा घातलेला, होडीच्या तळाला असतो तसा. विमानाला होडीचा कणा कशाला? पण आमच्या किनाऱ्यावरचा माणूस पोकळ काही बांधायला बसला की आधी कणाच ठेवणार.

"इथलाच हात हाय," मी म्हटलं.

"सिराजचाच!" मोहम्मद उठून उभा राहिला. "झालं. जुम्म्याची नमाज रद्द करा."

"थांब. इथलाच म्हटलं. त्याचाच, असं अजून म्हटलेलं न्हाय."

सगळं जोडून झाल्यावर मी आत बघायला लागलो. पुढची बैठक झिजलेली होती. वर्षानुवर्षं कोणी बसून-उठून लाकडाला येते तशी चकाकी होती तिला. पायाखालची पट्टी दोन टाचांच्या जागी खोल गेलेली. टाचा तांदळाच्या दाण्याएवढ्या. मागची बैठक मात्र कोरी, नुकती तासलेली, अंगाला खरखरीत.

मग मी पुडीत उरलेल्या खुंट्या बघितल्या. सिराजची एक खोड होती. खुंटी ठोकण्याआधी तो ती दातांत धरून चावायचा, म्हणजे थुंकीने फुगून घट्ट बसते. त्याचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला. त्याने बांधलेली होडी दहा वर्षांनी मोडली तरी खुंट्यांवर तो तुटका दात सापडतो.

"काझीसाहेब, आपलं भिंग द्या जरा."

कुराण वाचायचं भिंग त्यांनी पुढे केलं. मी एक खुंटी त्याखाली धरली. दातांच्या खुणा होत्या. पुढचा दात अर्धा. पण ते दात माझ्या-तुमच्या दातांएवढे नव्हते. त्या सुईवर पूर्ण जबड्याची खूण उमटली होती, वरची आणि खालची, मुंगीच्या तोंडात मावेल एवढी. दुसरी खुंटी धरली. तिच्यावरही तसंच. सगळ्यांवर.

मी भिंग काझीसाहेबांना परत दिलं. त्यांनी पाहिलं आणि झोपलेल्या जिवाला ठेवावं तशी खुंटी अलगद खाली ठेवली.

"काय हाय?" मोहम्मद म्हणाला. "बोला ना!"

"हात तुझ्या भावाचाच हाय," मी म्हटलं. "तोंडपण त्याचंच. पण ते तोंड एवढं हाय." मी नखाचं टोक दाखवलं. "विमान ज्या मापाचं, माणूस त्याच मापाचा. हे खेळणं न्हाय, मोहम्मदभाय. तो ह्यात बसतो."

मोहम्मद हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. वारा पडलेला होता, ओट्यावरची माशीसुद्धा हलत नव्हती, आणि विमानाचा पंखा फिरायला लागला. हळू, नाकातून श्वास सुटावा तसा. एकदा फिरला आणि थांबला.

सुगरा उंबरठ्यातून पुढे आली. पंचांतल्या एकाने "बाई, आत..." म्हणून तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

"धर्माभाऊ, मागं कोण बसतो?"

"बंदूकवाला."

"आता कोण बसलाय?"

"कोणी न्हाय, भाबी. जागा नवी हाय."

ती वाकली आणि त्या कोऱ्या बैठकीकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "अकरा वर्षं त्याच्या पाठीला पाठ लावूनच बसले मी. आता वर बोलावतो? काढ ती जागा."

"भाबी..."

"काढ म्हटलं ना!"

मी पटाशी लावली. खुंट्या निघता निघेनात, आतून कोणी धरल्यासारख्या. बदरुद्दीनने विमान दाबून धरलं. त्याच्या कपाळावर घाम आला. बैठक सुटली तेव्हा पोटातून पाणी गळलं. बोटाला लागलं ते मी जिभेला लावलं. खारं.

सुगराने बैठक उचलली, आत गेली आणि चुलीत टाकली. धूर ओट्यावर आला.

"जिता माणूस एवढा नसतो," काझीसाहेब म्हणाले. "जुम्म्याला नमाज होईल. आणि हे घरात ठेवायचं न्हाय. मातीत द्या."

"मय्यत म्हणून?" बदरुद्दीनने विचारलं.

"ते मला विचारू नकोस. मातीत द्या."

नमाज झाली. ओळीत मोहम्मद नव्हता. नंतर कबरस्तानाच्या भिंतीकडे त्याने वाट अडवली. "लाकूड पुरायला निघाले! लाज न्हाय? ओट्यावरून ह्या धर्मानं एका हातानं उचललं! ह्यालाच तुम्ही माझा भाव म्हणता?"

विमानाचं खोकं मी उचललं होतं खरं, ओट्यावरून, एका हाताने. मशिदीच्या विहिरीपाशी दुसरा हात लावावा लागला. कबरस्तानाचा दरवाजा दिसेपर्यंत बदरुद्दीन दुसऱ्या टोकाला आला होता आणि आम्ही दोघंही पाय फाकवून चालत होतो. त्या खोक्यात विमान होतं, वीतभर उंचीचं, काड्या आणि कापड.

"नाटकं करताय," मोहम्मद म्हणाला.

"तर धर," मी म्हटलं आणि माझं टोक त्याच्या हातात दिलं.

त्याचे गुडघे वाकले. तो खाली बसता बसता सावरला आणि खोकं खांद्यावर घेतलं. घ्यावंच लागलं, हातात पेलेना. मान तिरकी, डोळे बाहेर आलेले. खोक्याच्या आत काहीतरी सरकलं आणि त्याच्या खांद्यावर टेकलं, दमलेला माणूस टेकतो तसं. मोहम्मद चालायचा थांबला. मग तोंडातल्या तोंडात, मला आणि बदरुद्दीनलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "सिराज हाय. हाच असा टाकायचा अंग, मी पाठीवर घ्यायचो तवा."

पुढचा रस्ता त्याने खांदा बदलला नाही. खड्डा वीतभर खणला होता, तो बघून परत फावडं मागवलं. पुऱ्या माणसाएवढा खणला. माती लोटायच्या आधी मोहम्मद स्वतः आत उतरला आणि खोकं किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, वळवून ठेवलं.

परत आलो तेव्हा सुगरा दारात होती. बदरुद्दीन लांबच थांबला. आता इद्दत संपेपर्यंत त्याने ह्या ओट्याला पाय लावायचा नव्हता.

"जड होता?" तिने विचारलं.

मी मोहम्मदकडे पाहिलं. त्याच्या सदऱ्याचा खांदा ओला होता.

"व्हय," तो म्हणाला. "जड होता."

"मग तुमच्या आईला आता तुम्ही बघा," सुगरा म्हणाली आणि इद्दतीला बसायला आत गेली.