रेक्ट मंडळींची बस

चितेगावच्या कारखान्यातून गारखेड्याला येणाऱ्या स्टाफ बसमध्ये मागच्या बाकांवर क्रिप्टोवाल्यांची मैफल भरायची. क्रिप्टोत ज्याचे पैसे साफ बुडाले, तो त्यांच्या भाषेत 'रेक्ट'. असा माणूस बसमध्ये चढला की टाळ्या पडायच्या आणि तोही नवरदेवासारखा मिरवत त्या घ्यायचा. दुःखाला टोपणनाव दिलं की ते आपलं वाटेनासं होतं, तसलाच हा प्रकार. सगळ्यांत जोरात टाळ्या मंदारच्या. तो म्हणे कधीच रेक्ट झाला नव्हता.

त्या आठवड्यात टाळ्या स्वरालीला मिळाल्या. ती हसली, पण तेवढ्यापुरतीच. तिच्या सासूबाई दमयंतीबाई यांच्या हातच्या फराळाचं दुकान काढायचं म्हणून दोघींनी गाळ्यासाठी पैसे साठवले होते. त्यातले निम्मे गेले होते.

"उरलेले टाक की," मंदार म्हणाला. "मार्केट आज लई उसळणार. सगळं वसूल होईल, घरी कळणार पण नाही."

घरी कळू नये, एवढंच तर तिला हवं होतं. उतरेपर्यंत तिचा अंगठा पुन्हा पुन्हा फोनवरच्या खरेदीच्या बटणापाशी जात राहिला.

घरी दमयंतीबाई चकल्या तळत होत्या. "काटे बघ कसे आलेत. दुकानात अशीच ठेवायची," म्हणत त्यांनी एक पुढं केली. स्वरालीला ती घेववेना. 'रेक्ट झाले' म्हटलं असतं तर सासूबाईंना ओ की ठो कळलं नसतं.

"आई, जरा गॅस बंद करा," ती म्हणाली. "आपल्या गाळ्याचे निम्मे पैसे मी बुडवले."

मग दमयंतीबाईंनी तिला असं फैलावर घेतलं की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. अक्कल गहाण टाकली होतीस का, इथपासून सुरुवात झाली. स्वरालीनं सगळं ऐकून घेतलं. आवाज बसल्यावर बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"उरलेले तरी आहेत ना खरंच?"

"आहेत."

"मग उद्याच गाळेवाल्याला देऊन टाक. पुढचा नाही तर मागचा घेऊ. चकली काय रस्त्यावरच्या गाळ्यातच कुरकुरीत लागते?"

सोमवारी स्वराली भला मोठा डबा घेऊन बसमध्ये चढली.

"या, रेक्ट मॅडम," मंदारनं टाळी वाजवली.

"पैसे बुडाले माझे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "घरी सांगितलं. उरलेल्यांत मागचा गाळा घेतला. रविवारी दुकान उघडतंय, सगळ्यांनी यायचं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डबा मात्र शेवटच्या बाकापर्यंत फिरून रिकामा परत आला. स्वराली खिडकीशी ताठ बसली. इतका आनंद तिला नफ्याच्या दिवसांतही झाला नव्हता.

उतरताना मंदार तिच्याजवळ आला. त्याच्या हातातली चकली तशीच होती.

"घरी सांगितलंस ना," तो खाली बघत म्हणाला, "ते सुरू कसं केलंस?"

"आधी गॅस बंद करायला सांग," स्वराली म्हणाली. "मग एका दमात बोलून टाक."