गाडीवानाच्या करारातलं सातवं कलम

मी सातवं कलम बोलतोय. हसू नका. छत्री बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, मग करारनाम्यातल्या कलमानंच तोंड मिटून का बसावं? तसा मी जन्मापासून मिटूनच बसलोय. वर सहावं कलम, खाली आठवं, मध्ये मी. कूस बदलायलाही जागा नाही.

माझा जन्म सोलापुरात, एका वकिलाच्या कचेरीत झाला. साल असेल तीस-बत्तीसचं. सिद्धाप्पा ठेकेदाराच्या बैलगाड्या गिरणीतून कापडाच्या गाठी भरून रेल्वेच्या मालधक्क्यावर नेत. गाडी ठेकेदाराची, बैल गाडीवानाचे, अशी वहिवाट होती. वकिलानं पान जमवत माझा मजकूर सांगितला आणि कारकुनानं तो लिहून घेतला: ‘उभयतांत तंटा उपस्थित झाल्यास मालक नेमतील त्या लवादाचा निकाल अखेरचा राहील. त्याविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचा हक्क गाडीवानास राहणार नाही.’

खरं सांगतो, तेव्हा मला स्वतःचा गर्व वाटला होता. बाकीची कलमं गाडी किती वाजता जुंपायची, वंगण कुणी घालायचं, असल्या गोष्टी सांगत होती. माझ्यात मात्र ‘उभयतां’ होतं, ‘उपस्थित’ होतं. मोठ्या घरात जन्मल्यासारखं वाटलं.

मग बिरप्पा आला. मंगळवेढ्याकडच्या एका वाडीतला धनगर. मेंढरं दुष्काळात गेली, तेव्हा उरलेली खिलार जोडी घेऊन बायकोसह सोलापुरात आलेला. ती जोडी त्याच्या बायकोनं, बाळाबाईनं, वासरं होती तेव्हापासून हातानं भाकरी भरवून वाढवली होती. ठेकेदाराच्या दिवाणजीनं करार वाचून दाखवला. माझ्यापाशी आल्यावर बिरप्पाचा चेहरा खुलला.

“लवाद म्हंजी काय वो?”

“पंच रे. तंटा झाला तर पंच बसून मिटवायचा.”

“मग लई चांगलं हाय की. कोर्टात आमची कुनाची वळख हाय?”

त्यानं अंगठा उठवला. सगळ्या करारात त्याला मीच तेवढा आपला वाटलो, ही गोष्ट मला आजही बोचते.

दोन-तीन वर्षं बरी गेली. मी मालकाच्या पेटीत पडून होतो. पेटी अंगणाकडच्या खिडकीखाली होती, त्यामुळे गाड्या जाता-येताना ऐकू येत. मग एका चैत्रात ऊन असं तापलं की गाड्यांच्या चाकांचं लाकूड आवळलं आणि त्यावरच्या लोखंडी धावा ढिल्या झाल्या. बिरप्पा दिवाणजीला सांगत होता, मी स्वतः ऐकलं.

“धाव निसटाय आलीया. कोंडीबा लोहाराकडनं बशिवल्याबिगार गाडी काडू नगा.”

“आज माल गेलाच पाहिजे. हाक तू.”

त्यानं हाकली. नाल्याच्या पुलावर धाव निसटली, चाक मोडलं, गाठी गटारात गेल्या. बैल वाचले. सिद्धाप्पानं त्याच संध्याकाळी ते आपल्या गोठ्यात बांधून घेतले आणि मला पेटीतून बाहेर काढलं.

लवाद म्हणून त्यानं नेमलं आपल्या मेहुण्यालाच, चन्नबसप्पाला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून मंडळी बैठकीत बसली. चन्नबसप्पा लोडाला टेकून सुपारी कातरत होता. कोंडीबा लोहार साक्ष द्यायला म्हणून बाहेर पायरीवर बसला होता. धाव किती ढिली होती ते त्यानं चाक मोडायच्या आदल्या दिवशीच पाहिलं होतं.

सिद्धाप्पा बराच वेळ बोलला. बिरप्पाचा हलगर्जीपणा, गिरणीवाल्यांपुढं गेलेली अब्रू, सगळं. मग लवादानं विचारलं, “गाडी तूच हाकत होतास ना?”

“व्हय.”

आणि बिरप्पा गप्प बसला. मी आतल्या आत ओरडत होतो, अरे बोल, धावेचं सांग, कोंडीबाला आत बोलाव. तो हात जोडून, मान खाली घालून बसून राहिला. त्याच्या वाडीत पंच बसतात बिरोबाच्या देवळापुढं. ज्याच्यावर आळ आहे त्यानं शेवटी बोलायचं. सगळ्यांत थोरला माणूस त्याच्या कपाळाला भंडारा लावून ‘आता तू बोल’ म्हणतो, तोवर तोंड उघडायचं नाही. मधेच बोलणारा खोटा, असं तिथं धरतात. बिरप्पा कमरेला भंडाऱ्याची पुडी खोचून आला होता. आपली पाळी यायची वाट बघत होता.

लवादानं लिहिलं: ‘गाडीवानास काहीएक म्हणणे नाही. नुकसानीपोटी बैलजोडी मालकाची.’

“माझं बोलणं ऱ्हायलं की,” बिरप्पा म्हणाला.

“मगाशी का नाही बोललास?”

“तुमी बोल म्हनला न्हाई.”

चन्नबसप्पानं कागदाची घडी घातली. कोंडीबाला कुणी आत बोलावलंच नाही.

बिरप्पा करारनाम्याची आपल्याकडची नक्कल घेऊन कोर्टाच्या आवारात एका वकिलाकडं गेला. मला वाचून वकिलानं मान हलवली आणि करारनामा परत दिला. बाळाबाई रोज बैलांसाठी भाकरी घेऊन मालकाच्या फाटकाशी यायची, आणि पहारेकरी तिला आत सोडायचा नाही. नव्या गाडीवानाच्या हातून जोडी वैरणीला तोंड लावीना. तो चिडून पराणी टोचायचा. ते आवाज खिडकीतून यायचे आणि मला कान झाकायलाही हात नव्हते.

आज दुपारी बिरप्पा परत आला. भांडायला नाही. तीच जोडी हाकायला आपल्याला ठेवा म्हणाला. मालकाला ते सोयीचंच होतं. दिवाणजीनं नवा करारनामा काढला. आम्हा कलमांची नक्कल झाली की आम्ही तिथंही जिवंत होतो, तसा मी त्यातही होतो. दिवाणजी सहावं संपवून माझ्याकडं वळला.

“ते ऱ्हाऊ द्या,” बिरप्पा म्हणाला. “ते मला ठावं हाय.”

या वेळी अंगठा उठवताना त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही.

वाचणाऱ्या दादा, बाई, तुमच्या हाताखाली कधी असा कागद आला आणि लेखणी तुमच्याच हातात असली, तर माझ्यावर रेघ ओढा. मला वाईट वाटणार नाही. मला स्वतःला खोडता येत नाही, एवढंच माझं दुखणं आहे.

आता ऊन उतरलंय. गोठ्यात बिरप्पा बैलांना चोळतोय आणि त्यांना सगळं सांगतोय: धाव कशी ढिली होती, दिवाणजी काय म्हणाला, कोंडीबा पायरीवर कसा बसून राहिला. बैल वैरण खातायत. खिडकीखाली मीही ऐकतोय. पण त्याचं ऐकून घ्यावं, असं माझ्यात कुठं लिहिलेलंच नाही.