तुंब्याची हाक

आंपारोने काचेवर अंगठी वाजवली. काचेला हात लावू नका असं ती स्वयंसेविका म्हणून गेली अकरा वर्षं दर रविवारी लोकांना बजावत आली होती, पण आज तिचा धीर सुटला होता. आत खडकामागून जॅग्वारच्या शेपटीचं फक्त टोक दिसत होतं. ते एकदा हललं आणि पुन्हा निपचित पडलं.

"पाल्मा, ऊठ गं बये," ती दात आवळून पुटपुटली.

कार्यक्रम दहाचा होता आणि आता पावणेअकरा होत आले होते. ॲरिझोनाच्या सीमेजवळचं ते प्राणीसंग्रहालय लहानसंच, तरी चाळीसेक माणसं खुर्च्यांवर बसून टोप्यांनी वारा घेत होती. काचेशेजारच्या नव्या फलकावर कापड टाकलं होतं. 'लिब्रादो बोहोर्केस, ज्यांनी गोळी झाडली नाही' अशी अक्षरं त्याच्याखाली होती. हा फलक मिळवायला आंपारोने दोन वर्षं अर्ज केले, बैठकांत भांडली. आणि आज ज्यांच्यासाठी हे सगळं, ते तिचे वडील पहिल्या रांगेत, लग्नाला जबरदस्तीने आणलेल्या पाहुण्यासारखे बसले होते. बुटांवरची धूळ काढायलाही ते तयार झाले नव्हते.

संचालक डोरीन फलकाच्या कापडाची दोरी हातात धरून उभी होती. "अजून दहा मिनिटं," ती इंग्रजीत कुजबुजली. "मग उन्हामुळे लोक उठतील."

आंपारो वडिलांपाशी वाकली. घरातली भाषा स्पॅनिश, आणि त्यांना तेवढीच नीट येत असे.

"आपा, ती येत नाहीये."

"झोपलीय तर झोपू दे. तिने काय घोडं मारलंय तुझं?"

"चाळीस माणसं आलीत तिला बघायला. तुम्हाला बघायला."

"मला बघून झालं असेल तर घरी सोड. सकाळपासून धड कॉफी नाही."

असंच चालायचं त्यांचं. पस्तीस वर्षांपूर्वी एक लेखक उन्हाळाभर त्यांच्या रँचवर राहिला होता. आंपारोच्या आईच्या हातच्या रोट्या खाऊन त्याने आपांकडून एका तिग्रेची हकीकत ऐकली, पुढे तिचं पुस्तक केलं. रँचवरची माणसं जॅग्वारला तिग्रेच म्हणत. पुस्तक शाळांत लागलं. लोक रस्त्यात थांबवून आपांचा हात हातात घेत, आणि आपा हात सोडवून चालू लागत. पुस्तकाचा विषय निघाला की ते उठून गोठ्यात जात. आपा लाजतात, असं घरात सगळे म्हणत. आंपारोला त्या लाजण्याचा आता खरोखर वैताग आला होता.

तिने पिशवीतून तुंबा काढला.

आपांचा चेहरा उतरला. "हा इथे कशाला आणलास?"

जन्मापासून तिने हा वाळका तुंबा स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर पाहिला होता. तोंडावर ताणलेलं कातडं, त्यातून खाली सोडलेला घोड्याच्या केसांचा पीळ. राळ लावलेल्या बोटांनी तो पीळ ओढला की जॅग्वारच्या घशातला आवाज निघतो आणि त्या हाकेला रानातला जॅग्वार येतो, असं पुस्तकात होतं. तिने स्वतः तो कधी ऐकला नव्हता. लहानपणी नुसता हात लावला म्हणून एकदा थप्पड खाल्ली होती.

"एकदाच वाजवा, आपा."

"नाही."

"कधी म्हणून माझ्यासाठी काही केलंत? आई गेल्यापासून मी पायऱ्या झिजवतेय, आपा जेवा, आपा औषध घ्या. आणि तुम्हाला दोन मिनिटं जड होतात?" तिचा आवाज चढला. मागच्या रांगेतल्यांनी माना वर केल्या. "वाजवता येतो तरी का? का तेही त्या लेखकानेच रचलं?"

आपांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तुंबा मांड्यांत धरला आणि पीळ ओढला.

ओलं लाकूड करवतीने कापावं तसा आवाज आला. एकदा. थांबून दोनदा. टोप्या हलायच्या थांबल्या. खडकामागे शेपटी दिसेनाशी झाली, आणि पाल्मा बाहेर आली. ती घाईत नव्हती. कान पुढे करून, आवाजाच्या दिशेने थेट चालत ती काचेलगतच्या जाळीपाशी येऊन उभी राहिली. आपांपासून बारा पावलांवर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आंपारोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ध्वनिक्षेपक घेतला, पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि आधी इंग्रजीत वाचलं, मग आपांसाठी स्पॅनिशमध्ये सांगितलं. "ती बारा पावलांवर येऊन थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि त्याने बंदूक खाली केली."

"कोणी?" आपांनी विचारलं.

"तुम्ही, आपा."

"असं लिहिलंय त्यात?"

"अहो, तीस वर्षं होऊन गेली छापून."

आपांनी तुंबा हळूच खाली, जमिनीवर ठेवला. "मी त्याला असं सांगितलं नव्हतं."

आंपारोने ध्वनिक्षेपकावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. स्पॅनिश कळणाऱ्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं.

"मला वाटायचं, यांना माहीत आहे," आपा म्हणाले. "माहीत असून माझा हात धरतात. कसली माणसं ही, असं वाटायचं मला."

"आपा, पुरे. घरी बोलू."

"तेव्हाही अशीच आली होती. घाई नाही, काही नाही. कोणीतरी आपलं माणूस हाक मारतंय म्हणून आली." ते जाळीकडे बघत होते. "सांग त्यांना."

"काय म्हणाले ते?" डोरीनने हसत विचारलं. दोरी तिने बोटाला गुंडाळली होती.

आंपारोने पुस्तक मिटलं. काहीही सांगता आलं असतं. आभार मानतात, थकलेत, कॉफी हवीय. आपांना इंग्रजी कळलं नसतं, फलक उघडला असता आणि सगळे जेवायला गेले असते. आपा तिच्याकडे मान वर करून बघत होते, डॉक्टरकडे बघत तसे, ती पुढे जे बोलेल त्यावर विसंबून.

"ते म्हणतात," ती इंग्रजीत म्हणाली आणि अडली. मग तिने ध्वनिक्षेपक तोंडाजवळ नेला. "मी तिला बोलावलं. ती आली. आणि मी गोळी झाडली."

डोरीनने बोटाची दोरी सोडवायला सुरुवात केली. कापड फलकावर तसंच राहिलं. जाळीपाशी पाल्मा अजून उभी होती, खाली ठेवलेल्या तुंब्याकडे कान लावून.