तायफूनच्या गिटारीवर बांधलेले पडदे

शनिवारी दुपारी तीन वाजता तुलिनची गिटार स्टँडवरून खाली आली आणि खुंट्यांच्या जरा खाली तिची मान तुटली. ड्रमर बेद्रीचा पाय वायरीत अडकला होता. कार्यक्रम संध्याकाळी सातला होता, कादिकोयच्या बोटीच्या धक्क्यामागे जे जुनं मिठाचं गोदाम आहे, तिथे. तिकिटं संपली होती.

बेद्री दोन्ही तुकडे हातात घेऊन उभा होता.

"सरस लावू," तो म्हणाला.

"वाळायला उद्याची संध्याकाळ होईल."

"मग स्क्रू मारू."

"तुझ्या पायाला मार," तुलिन म्हणाली आणि ॲम्प्लिफायरवर बसली.

कादिकोयमध्ये गिटार मिळणं अवघड नाही, गल्लीगल्लीत दुकानं आहेत. पण अशी गिटार कुठल्याच दुकानात नव्हती. गावाकडच्या साजावर, म्हणजे लांब मानेच्या बाग्लामा या तंतुवाद्यावर, षड्जाच्या पुढे एक सूर असतो. कोमल रिषभ म्हणावा तर चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. साध्या गिटारीच्या पट्टीवर त्याला जागाच नाही. तीन वर्षांपूर्वी तुलिनने कारागिराकडून आपल्या गिटारीच्या पडद्यांमध्ये जास्तीचे लोखंडी पडदे बसवून घेतले होते. त्यानंतर 'आर्का दोर्तलू' हा त्यांचा बँड लोक ओळखू लागले. दोलमुशीतल्या, म्हणजे शेअर टॅक्सीतल्या, मागच्या चौघांच्या बाकाला ड्रायव्हर लोक आर्का दोर्तलू म्हणतात, आणि बँडमध्येही तेव्हा चौघंच होते.

नाव सुचवलं होतं हिदिरकाकांनी. सारीगाझी वस्तीत तुलिनच्या वरच्या मजल्यावर ते राहत, जन्मभर दोलमुश चालवली, आणि संध्याकाळी बाल्कनीत साज घेऊन बसत. बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं त्यांच्या वडिलांनी रचलेलं होतं. वडील दिव्रीईच्या लोखंडाच्या खाणीत होते. ते गाणं काकांनी तुलिनला ती शाळेत असताना शिकवलं. पण बँडने ते गिटारीवर बसवल्यापासून काकांनी ते कधी समोर बसून ऐकलं नव्हतं. गर्दी, गोंगाट, गुडघे, काही ना काही निघायचं. आज ते पहिल्यांदा येणार होते, कारण सोमवारी सकाळी त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. त्यांचं वय आणि साखर पाहून डॉक्टरांनी मुलीला वेगळं बोलावून काय ते सांगितलं होतं. मुलीने ते तुलिनला सांगितलं.

म्हणजे आज ते गाणं व्हायलाच हवं होतं. पुढच्या कार्यक्रमाची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

साडेतीनच्या सुमारास तायफून आला. पाठीवर गिटार होती. तुलिनने बेद्रीकडे पाहिलं, बेद्रीने छताकडे.

तायफून बँडमधला चौथा. दोन वर्षांपूर्वी तो भांडून निघून गेला आणि त्याच्या जागी कोणाला घेतलं नव्हतं. त्याची गिटार बिनपडद्याची, पट्टी काचेसारखी गुळगुळीत. त्या मधल्या सुरावर दोघांचं कधी जमलं नाही. तुलिन म्हणे तो चढा वाजवतो, तायफून म्हणे तिने सुराला खिळे ठोकून सुळावर चढवलंय. शेवटी तिने एका मुलाखतीत "काहींना कान नसतो" असं म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो तालमीला आला नाही. तो राहतो त्या मोदाहून धक्क्यापर्यंत चालत वीस मिनिटं लागत नाहीत, तरी दोन वर्षांत तो इकडे फिरकला नव्हता.

"पीडा टळली म्हण," तो तुटक्या गिटारीकडे बघत म्हणाला. हे आजाऱ्याच्या घरी म्हणतात.

"तुला कोणी बोलावलं?"

"ज्याने पाडली त्याने. घे, ही वाजव."

"बिनपडद्याची? सातपर्यंत हात बसेल का माझा?"

"कान नसलेल्या माणसाचा बसतो, तुझा का नाही बसणार?"

बेद्री चहा आणायला निघून गेला.

तुलिनने गिटार घेतली आणि गाण्याची सुरुवात वाजवून पाहिली. संथ जागा बऱ्या निघाल्या. जलद तुकड्यात बोटं घसरली आणि तिने वाजवणं थांबवलं.

तेवढ्यात हिदिरकाका आले. मुलीने त्यांना लवकर आणून सोडलं होतं, बसायला खुर्ची मिळावी म्हणून. डोक्यावर टोपी, अंगात लग्नाला घालायचा कोट, काखेत साजाची पिशवी. काय झालंय ते त्यांनी उभ्याउभ्या ऐकून घेतलं.

"मग पडदे बांधा की," ते म्हणाले.

"कशावर?"

"हिच्यावर. साजावर काय आपण लोखंड ठोकतो? दोराच बांधतो ना."

साजाचे पडदे मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्याचे असतात, मानेभोवती तीन वेढे घेऊन बांधलेले. दोऱ्याची रीळ काकांच्या पिशवीत कायम असे. प्रश्न एकच होता. गिटार तायफूनची होती आणि तिची काळ्या शिसवीची पट्टी तो दर महिन्याला तेल लावून घासत असे. दोऱ्याने तिच्यावर चरे पडणार हे तिघांनाही कळत होतं.

तायफूनने पट्टीवरून अंगठा फिरवला.

"काका, गाठ वरच्या अंगाला घ्या," तो म्हणाला. "खालून हाताला टोचेल."

तिघं कामाला लागले. तुटलेल्या गिटारीची पट्टी शाबूत होती आणि दोन्ही गिटारींची लांबी एकच होती, म्हणून तुलिनने ती शेजारी ठेवून मापं उतरवली. काका दोरा ओढत, तायफून गाठ मारी. गिटारीची मान खुंट्यांकडे निमुळती असते, तेव्हा पडदा थोडा अलीकडे बांधायचा आणि रुंदीकडे सरकवायचा, म्हणजे आपोआप घट्ट बसतो. मान जिथे खोडाला मिळते त्याच्या पुढे दोरा जाऊ शकत नव्हता, ते वरचे सूर त्यांनी सोडून दिले. तारा थोड्या उचलाव्या लागल्या. तरी जराशी खरखर राहिलीच.

"दोलमुश चालू झाली," काका म्हणाले. "आता दरवाजा नीट लागत नाही म्हणून प्रवासी उतरत नसतो."

"तुमच्या दोलमुशीला दरवाजा होता का?" तायफूनने विचारलं.

"उन्हाळ्यात नव्हता."

सगळे पडदे बांधून झाल्यावर काकांनी गिटार मांडीवर घेतली. नखांनी, साज छेडतात तशी ती छेडली आणि वडिलांचं गाणं सुरू केलं. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीआधी त्यांचा डावा अंगठा पट्टीच्या कडेने सरकला आणि पुढे वाजवणं चालू राहिलं.

"काका, मधला पडदा सरकला," तुलिन म्हणाली. "थांबा, मी माप..."

"सरकला नाही. मीच सरकवला."

"का?"

"त्याची जागा ती आहे."

तुलिनने तुटकी पट्टी शेजारी धरली. दोरा लोखंडी पडद्याच्या पुढे होता, गव्हाचा दाणा मावेल एवढा.

"पण हे माप मी तुमच्याच साजावरून घेतलं होतं. तुमच्याच बाल्कनीत बसून."

"घेतलंस ना. मुहर्रम होता तेव्हा."

त्यांनी हे जितक्या साधेपणाने सांगितलं तितकंच ते साधं होतं. मुहर्रमच्या बारा दिवसांत काका उपास धरत, संध्याकाळीही नुसतं पाणी पीत नसत, आणि साजावर फक्त करबलाचे विलाप वाजवत. त्या विलापांसाठी ते हा एक पडदा किंचित खाली ओढून घेत. बारा दिवस झाले की पुन्हा वर. त्यांच्या वडिलांची तशी रीत होती, गावात बाकी कोणाची असेलच असं नाही. तुलिन माप घ्यायला गेली तो त्या बारांपैकी एक दिवस होता. काका भिंतीला टेकून बसले होते, डोकं दुखत होतं, घसा कोरडा होता. तिने विचारलं, "काका, माप घेऊ का?" त्यांनी होकाराची मान हलवली. कारागिराने त्या मापावर लोखंड बसवलं.

"आणि गाणं रेडिओवर लागलं तेव्हा?"

"तेव्हा कळलं मला."

"तीन वर्षं तुम्ही गप्प बसलात?"

"माझ्या बापाचं गाणं सारीगाझीच्या दुकानादुकानात लागत होतं, पोरी. खाणीतल्या माणसाचं नाव रेडिओवर येत होतं. त्यात मी काय नाक खुपसायचं? शिवाय मलाही नंतर गोड लागायला लागलं. आता कधीकधी माझाच हात तुझ्या जागेवर जातो."

तायफून हसायला लागला, आधी बारीक, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही दुखवटा वाजवत होतात," तो म्हणाला. "बुर्साच्या त्या लग्नातसुद्धा. तरी म्हटलं नवरी इतकी का रडते."

बेद्री चहाचा ट्रे घेऊन आत आला होता, तोही हसला. तुलिन हसली नाही. तायफूनही सारीगाझीलाच वाढलेला; हे गाणं तो लहानपणी काकांच्याच तोंडून शिकला होता, मुहर्रम सोडून एरवीच्या दिवसांत. तो चढा वाजवत नव्हता. बोटाने तो जिथे जात होता, तिथेच आता दोरा होता.

"तायफून, मी जे बोलले होते मुलाखतीत..."

"वाचलंय मी. आईने कात्रण करून ठेवलंय."

"माझा कान चुकला."

"कान नाही, कॅलेंडर चुकलं," तो म्हणाला. मग ट्रे तिच्यापुढे सरकवून म्हणाला, "चहा घे, निवतोय."

तिने दोरा आणि लोखंड दोन्हीकडे पाहिलं. कार्यक्रमाला येणारी माणसं ते गाणं तिच्या सुराच्या जागेवरून ओळखत होती. तिने काकांना विचारलं, कुठे ठेवू.

"खाली घे," काका म्हणाले. "लोक तुझं ऐकायला आलेत."

"वर ठेव," तायफून म्हणाला.

"आज एक माणूस त्याच्या बापाचं ऐकायला आलाय," तुलिन म्हणाली आणि दोऱ्याची गाठ घट्ट केली.

कार्यक्रम सातला सुरू झाला. काकांचं गाणं तिने सर्वांत आधी घेतलं, दम लागून ते मध्येच उठले तर राहू नये म्हणून. गाण्याआधी ती नेहमी काही बोलत नसे. आज तिने काकांच्या वडिलांचं नाव घेतलं, काकांचं घेतलं, गिटार कोणाची ते सांगितलं आणि पट्टीवरच्या चऱ्यांबद्दल आभार मानले. तायफून भिंतीपाशी उभा होता. त्याने हात वर केला नाही, पण गेलाही नाही. गाणं वाजलं. तिचा आवाज पहिल्या ओळीत सवयीच्या जागी गेला आणि दुसऱ्या ओळीत दोऱ्याला येऊन मिळाला. बहुतेकांना काही फरक कळला नसावा. पहिल्या रांगेत काका टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते आणि त्यांचा डावा अंगठा कोटाच्या बाहीवर चालत होता.

नंतर ती खाली उतरली तेव्हा ते खुर्चीवरून उठू लागले. तिने त्यांना बसवलं. मोठ्या प्रवासाआधी, शस्त्रक्रियेआधी माणसं एकमेकांना भेटतात आणि आपल्यावर जे काही राहिलं असेल ते माफ, म्हणजे हलाल, करायला सांगतात. काका आठवडाभर ओळखीपाळखीच्या घरी हेच करत फिरत होते. ती त्यांना टाळत होती, कारण तिला वाटे, माफी मागायची तर आपण.

"तुझा माझ्यावर काही हक्क राहिला असेल तर हलाल कर, पोरी," ते म्हणाले.

"माझा कसला हक्क, काका. तुमचा माझ्यावर आहे. गाणं, पडदा, सगळं."

"ते तर कधीच केलं. तू कर."

"केलं. शंभर वेळा हलाल."

तिने त्यांच्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावला. मग काकांनी तायफूनकडे बोट करून तिला पुढे ढकललं. ती तिकडे गेली. त्या दोघांत काय बोलणं झालं ते बेद्रीला ऐकू आलं नाही, कारण तो ड्रम उतरवत होता. त्याने पाहिलं ते एवढंच, की तायफूनने गिटार परत घेतली नाही.

सोमवारी सकाळी आठला हिदिरकाकांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर मुलगी होती, तुलिन होती, आणि नऊच्या सुमारास तायफून सिमित, म्हणजे तीळ लावलेले गोल पाव, घेऊन आला. बेद्री दुपारी आला. दोन वाजता डॉक्टर बाहेर आले. झडप बसली आहे, म्हणाले, हृदय स्वतः चालतंय. श्वास अजून यंत्रावर आहे आणि ते शुद्धीवर आलेले नाहीत.