वना उठतो तिथवर

"दोन दे, भाऊ," म्हणत भिकुबाईनं तिकीटखिडकीच्या जाळीतून मुठीतली नोट आत सरकवली.

खिडकीमागे मॅनेजर शालिग्राम स्वतःच बसला होता. तिकिटं फाडणाऱ्या माणसाला त्यानं सोमवारीच सुट्टीवर पाठवलं होतं. फाडायचं काय, कपाळ? धुळ्याच्या त्या टॉकीजमध्ये बाराच्या खेळाला रोज सात-आठ डोकी यायची, त्यातली निम्मी पंख्याखाली झोपायला.

"कुठून आलात, अक्का?"

"साकरीकडथून. दोन यष्ट्या बदलीसन उनूत."

"या सिनेमासाठी?"

"मन्हा पोऱ्या शे त्यामा."

तिच्या मागे उभ्या असलेल्या झुलालनं, तिच्या धाकट्या दिरानं, मान खाली घातली. पोरगा जाऊन दोन वर्षं होत आली होती. पण भिकुबाईच्या तोंडून 'होता' हा शब्द अजून कुणी ऐकला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी, फाल्गुनात, सिनेमावाले गावात उतरले होते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! सगळं गाव कामधंदा सोडून त्यांच्या मागे. निर्मात्या शेठला तर घाई अशी, की पाठीमागे वाघ लागलाय. एकोणीस दिवसांत सगळा सिनेमा उरकायचा. त्यात एक मयताचा सीन होता, आणि घोडं अडलं तिथंच. बैल द्या म्हटलं, गावानं दिले. घरं द्या म्हटलं, चुली बाहेर मांडून घरं दिली. पण जिता माणूस तिरडीवर निजवायचा म्हटल्यावर सगळे मागे सरले.

"मी निजस," भिकुबाईचा वना म्हणाला. बावीस वर्षांचा गडी, हौसेला मोल नाही.

भिकुबाईनं त्याला शिव्या घातल्या, हातापाया पडली. तो ऐकतो कसला! शेवटी तिरडी उचलली, आणि तोंडाला गुलाल फासलेलं आपलं पोर चौघांच्या खांद्यावर बघून तिला खरोखरचंच रडू फुटलं. ती ऊर बडवत मागे धावली. डायरेक्टर खूष. आणि मग तो "कट" म्हणून ओरडला, तिरडी खाली टेकली, तसा वना उठून बसला. नाकातला गुलाल शिंकरून म्हणाला, "माय, च्या ठेव." सगळं गाव हसलं. भिकुबाईही डोळे पुसत हसली. ते कॅमेऱ्याचं यंत्र तेव्हा तिथंच, वनाकडं तोंड करून उभं होतं. तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आषाढात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून वना गेला. जित्यापणी तिरडीवर चढला, म्हणून मरण ओढवून घेतलं, असं गाव बोलायला लागलं. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? भिकुबाईनं एकच गोष्ट मनात धरली. त्या सिनेमात वना तिरडीवरून उठतो. यंत्रानं ते टिपलंय. तेवढं एकदा बघायचं. दोन वर्षं ती जत्रेतल्या तंबूवाल्यांना, साक्रीच्या बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत राहिली. मागच्या आठवड्यात झुलाल धुळ्याला औषधं आणायला आला, आणि त्याला भिंतीवर पोस्टर दिसलं.

"खरं सांगू?" शालिग्राम झुलालकडं बघत म्हणाला. "हा सिनेमा कुणी बघावा म्हणून काढलेलाच नाही. मराठी सिनेमा चालला, की त्याचा करमणूक कर सरकार निर्मात्याला परत देतं. पण केव्हा? त्यानं पुढचा मराठी सिनेमा काढून दाखवला तर. या शेठचा आधीचा जोरात चालला होता. तो कर सोडवायला घाईघाईनं हा काढला. एक आठवडा टॉकीज भाड्यानं घेतलंय. उद्या उतरणार."

झुलाल पुढं सरकला. "आम्हाला तर सांगितलं होतं, सिनेमा लागला की लोक गाव बघायला येतील. गावातल्या लोटननं हॉटेलला पत्र्याचं शेड टाकलं. आता बकऱ्या बांधतो त्यात."

"तुमच्या या तिकिटातलाही कर सरकारकडं जाईल आणि फिरून शेठकडंच येईल," शालिग्राम म्हणाला. "मग तो आणखी एक काढील."

भिकुबाईला त्यातलं काहीच नको होतं. ती जाळीला नाक लावून उभी होती.

"तो उठस, ते शे ना त्यामा?"

"कोण उठतो?"

"मन्हा वना."

"मी पुरता पाहिला नाही, अक्का," शालिग्राम म्हणाला. त्यानं दोन तिकिटं फाडली आणि नोट परत तिच्याकडं सरकवली.

आत पाच जण होते. भिकुबाई पदराचं टोक मुठीत धरून खुर्चीच्या कडेवर बसली. तासाभरानं पडद्यावर त्यांचं गाव आलं, मारुतीचा पार आला, आणि तिरडी आली. वनाचं तोंड भिंतीएवढं झालं. डाव्या भुवईवरचा लहानपणचा व्रणसुद्धा दिसला. त्यामागून एका बाईचं रडणं ऐकू आलं, ते आपलंच, हे तिला उशिरा कळलं. ती उभी राहिली.

"ऊठ आते," ती पुटपुटली. "ऊठ रे वना. च्या मांग."

तिरडी पुढं गेली. आणि एकदम पडदाभर जाळ उभा राहिला.

झुलाल दचकला. चितेमागं रुंद नदी होती, दगडी घाट होता. त्यांच्या गावचा नाला तर संक्रांतीलाच आटायचा. कुठल्या तरी दुसऱ्या सिनेमातली जळती चिता आणून इथं चिकटवली होती.

"वहिनी, हाई आपला गावनं नही शे..."

तिनं ऐकलं नाही. त्यांच्यात बायका मयताबरोबर वेशीपर्यंतच जातात. आषाढातल्या त्या दिवशी पाच जणींनी तिला वेशीत धरून ठेवलं होतं आणि पुरुष पुढं गेले होते. पुढचं तिनं पाहिलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. ते आता ती बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता.

जाळ संपला. लगेच नायक-नायिकेचं गाणं सुरू झालं.

"ओ बाई, खाली बसा!" मागून कुणीतरी ओरडलं.

भिकुबाई बाहेर आली. टॉकीजच्या आवारात सायकलींजवळ पाण्याची टाकी होती. ती तिथं नळाखाली बसली आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेऊ लागली. भरदुपारी रस्त्यावरची माणसं थबकली. शालिग्राम धावत आला.

"अहो अक्का, हे काय करताय?"

झुलालनं त्याला हातानं अडवलं. ती चिता परकी होती, एवढं तरी वहिनीला पुन्हा सांगावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते सांगितलं नाही.

"करू द्या, भाऊ," तो म्हणाला. "मसणातून आलीय ती."

मग त्यानं डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि तिचं होईपर्यंत तो नळाशी उभा राहिला.